युकेलेलेवर मोडचे कॉर्ड: आधी सा धरा, मग कॉर्ड

प्रश्न असा आहे की कॉन्सर्ट युकेलेले आहे, नेहमीचं जी-सी-ई-ए ट्यूनिंग, हाय जी (म्हणजे जी तार सी आणि ई पेक्षा वरच्या सुरात), सातही मोडची (एकाच स्केलचा सा वेगवेगळ्या सुरांवर नेला की होणाऱ्या सात स्केलची) नावं पाठ आहेत, सी मेजर स्केल डी पासून वाजवली की डोरियन आणि ई पासून वाजवली की फ्रिजियन हेही कळलंय, त्यातून डी मायनर, ई मायनर, एफ, जी असे कॉर्ड काढून लूप वाजवला, पण कानाला शेवटी सी मेजरचंच गाणं वाटतं. मग मोडचे कॉर्ड वाजवायचे तरी कसे, आणि लो जी ची, म्हणजे एक सप्तक खालच्या जी ची, तार लावून काही फरक पडेल का?

लो जी चं शेवटी सांगते, कारण खरी अडचण तारेची नाही. तुमचे कॉर्डही चुकलेले नाहीत. डी डोरियनमधून जे सात कॉर्ड निघतात तेच सात सी मेजरमधून निघतात, त्यामुळे नुसती यादी बघून कोणालाच सांगता येणार नाही की हा डोरियन आहे की मेजर. फरक फक्त सा कुठे आहे याचा. तुमच्या लूपमध्ये डी ला सा म्हणून बसवायचं काम कोणीच करत नाही, चारही कॉर्डना सारखाच वेळ मिळतोय आणि शेवटी जी येतोय, जी नंतर कान सी ची वाट बघतो, हे आपण लहानपणापासून इतकं ऐकलंय की ते थांबवता येत नाही. म्हणजे सी चा कॉर्ड एकदाही न वाजवता तुम्ही कानाला सी चाच पत्ता देताय.

त्यामुळे माझा पहिला आग्रह हा की ‘अमुक स्केल तमुक सुरापासून’ ही पद्धत वाजवताना बाजूला ठेवा. कागदावर ती बरोबर आहे, पण वाजवताना घात करते. आपल्याकडे गायला बसलं की आधी तंबोरा लागतो, सा पक्का होतो, मग सांगतात की ग आणि नी कोमल घे, हा काफी. सा जागचा हलत नाही, आजूबाजूचे सूर बदलतात. मोड तसेच शिका. संगीतशास्त्रज्ञ भातखंड्यांच्या दहा थाटांपैकी (थाट म्हणजे सात सुरांचा साचा) सहा तर थेट जुळतात: बिलावल म्हणजे आयोनियन, काफी म्हणजे डोरियन, भैरवी म्हणजे फ्रिजियन, कल्याण म्हणजे लिडियन, खमाज म्हणजे मिक्सोलिडियन, आसावरी म्हणजे एओलियन. सातव्या लोक्रियनला आपल्याकडे थाट नाही, कारण त्यात पंचमच नाही, आणि त्याचा घरचा, म्हणजे सा वरचा, कॉर्ड डिमिनिश्ड येतो ज्यावर गाणं टेकतच नाही, तो सध्या सोडून द्या. भैरव, पूर्वी, मारवा, तोडी हे या सात मोडमध्ये बसत नाहीत, त्यांचा विषय वेगळा. आणि हो, मी थाट म्हणतेय, राग नाही. खमाज रागात दोन्ही नी येतात, भैरवी गाताना तर बाराही सूर लावतात, ते सगळं चार तारांच्या कॉर्डमध्ये कोंबायला जाऊ नका.

आता सा कुठे घ्यायचा? युकेलेलेच्या मोकळ्या तारा जी, सी, ई, ए. नुसत्या छेडल्या तर त्यालाच सी सिक्स्थ म्हणा किंवा ए मायनर सेव्हन्थ म्हणा, सूर तेच. म्हणजे या वाद्यात दोन सा आधीच तयार आहेत, सी आणि ए. हार्मोनियमच्या भाषेत पांढरी एक आणि पांढरी सहा. डी डोरियन, ई फ्रिजियन हे पियानोच्या पांढऱ्या पट्ट्यांवर सोयीचं आहे म्हणून पुस्तकात तसं येतं, युकेलेलेला ती सोय काही कामाची नाही. मी जवळजवळ सगळे मोड ए वर शिकवते, फक्त लिडियनला सी घेते, कारण पुढे येईलच.

ए घेतला की एक मोठा फायदा मिळतो. सगळ्यात खालची, जमिनीकडची, ए तार मोकळी ठेवली की तो सा, आणि तिच्या शेजारची ई तार मोकळी ठेवली की तो पंचम. ए तारेवर एकेक फ्रेट वर गेलं की बारा सूर ओळीने मिळतात, पहिल्या फ्रेटवर कोमल रे, दुसऱ्यावर रे, तिसऱ्यावर कोमल ग, चौथ्यावर ग, पाचव्यावर म, सहाव्यावर तीव्र म, सातव्यावर प, असं करत बाराव्या फ्रेटवर वरचा सा. कॉर्डला हात लावायच्या आधी काफीची सरगम याच एका तारेवर वाजवा, ०, २, ३, ५, ७, ९, १०, १२, आणि अंगठ्याने मोकळी ई सोबत छेडत रहा. मग नववा फ्रेट सोडून आठवा घ्या, झाली आसावरी. मग दुसरा सोडून पहिला घ्या, झाली भैरवी. एकेका फ्रेटने मूड कसा बदलतो हे बोटाला कळलं की पुढचं अर्धं काम झालं.

कॉर्डचे आकडे मी जी-सी-ई-ए याच क्रमाने लिहितेय, ० म्हणजे मोकळी तार. पहिला कॉर्ड शिका २-४-०-०. यात ए, ई, ई, ए एवढेच सूर आहेत, म्हणजे नुसता सा आणि प, ग नाहीच. हा तुमचा तंबोरा. यावर कोणताही मोड गाता येतो (लोक्रियन सोडून), कारण कोमल की शुद्ध हे त्याने अजून ठरवलेलंच नाही. युकेलेलेचा सूर लगेच विरतो, गिटारसारखा रेंगाळत नाही, म्हणून सा टिकवून ठेवायला तो परत परत वाजवावा लागतो किंवा बाजूला तंबोऱ्याचं ॲप लावावं लागतं. ॲप लावाच. पांढरी सहा, पहिली तार पंचमाची. सुरुवातीचे काही आठवडे तंबोऱ्याशिवाय मोडचा सराव करू नका, तंबोरा असला की कान भरकटला तर लगेच कळतं.

डोरियनपासून सुरू करू, तुमचा प्रश्न त्याचाच आहे. ए डोरियनचे सूर ए, बी, सी, डी, ई, एफ शार्प, जी. एक सोडून एक सूर घेत गेलं की कॉर्ड निघतात: ए मायनर, बी मायनर, सी, डी, ई मायनर, एफ शार्प डिमिनिश्ड, जी. आता हे सातही वाजवायचा मोह आवरा. मोडसाठी दोन कॉर्ड पुरतात, एक घरचा आणि एक तो ज्यात त्या मोडचा ओळखीचा सूर आहे. डोरियन आणि नेहमीचा मायनर यांच्यात फरक एकाच सुराचा, ध शुद्ध आहे की कोमल. शुद्ध ध म्हणजे इथे एफ शार्प, तो डी मेजरमध्ये आहे. म्हणून ए मायनर आणि डी. संपलं. बाकीचे कॉर्ड पाहुणे.

हातात बघा काय होतं. ए मायनर २-०-०-०, सूर ए, सी, ई, ए. डी मेजर २-२-२-०, सूर ए, डी, एफ शार्प, ए. बाहेरच्या दोन तारा दोन्हीकडे सा च वाजवतायत, हलतायत फक्त मधल्या दोन, सी वरून डी आणि ई वरून एफ शार्प. म्हणजे ग-प वरून म-ध वर गेलात आणि दोन्ही बाजूंनी सा पहारा देतोय. मोडल कॉर्डसाठी यापेक्षा चांगली रचना मला या वाद्यावर माहीत नाही. ए मायनरला मधलं बोट जी तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर ठेवा आणि डी ला जाताना ते उचलू नका, अनामिका आणि करंगळी शेजारी आणून टेकवा. तीन बोटं एकाच फ्रेटमध्ये दाटीवाटीने बसतात, सोप्रानोवर जास्तच, पण ए तार मोकळी वाजलीच पाहिजे, करंगळी तिला चिकटली तर सा गेला. बरेच जण तिथे एका बोटाने बॅरे टाकतात, म्हणजे शेजारच्या तारा एकत्र दाबतात, आणि नकळत ए तारही दाबली जाते, ऐकायला तेवढं वाईट लागत नाही म्हणून लक्षातही येत नाही, पण तिथेच सगळी मेहनत वाया जाते.

आणि वेळ कसा वाटायचा हे कॉर्डइतकंच महत्त्वाचं आहे. केरव्याचा ठेका घ्या, आठ मात्रा. सहा मात्रा ए मायनर, दोन मात्रा डी, परत समेवर ए मायनर. चार-चार असे समान वाटले की दोघांपैकी कोण घरचा हे कानाला ठरवता येत नाही, आणि डी ला जास्त दिले की डी च घर होतो. सम कोणाकडे आहे यावरून सा ठरतो, युकेलेलेवर तर फारच, कारण खाली बेस नाही. गिटारवाला खालची जाड तार ठोकून सांगतो की घर इथे आहे, आपल्याकडे हाय जी असल्यामुळे सगळ्यात खालचा सूर सी तारेवरचा असतो आणि तो बहुतेक वेळा सा नसतोच. ते काम आपल्याला वेळेने आणि समेने करावं लागतं. बारा-पंधरा मिनिटं या दोनच कॉर्डवर काफीच्या सुरात गुणगुणत बसा, मग मधे एखादा जी (०-२-३-२) किंवा ई मायनर (०-४-३-२) आणा, तेही छान मिसळतात, फक्त समेवर आणू नका.

एओलियनवर फार वेळ घालवत नाही, तो तुम्ही आधीच वाजवताय, ए मायनर, एफ (२-०-१-०), जी. डी मेजरच्या जागी एफ आला की ध कोमल झाला. एकच काळजी घ्या, सवयीने ई सेव्हन्थ (१-२-०-२) वाजवायचा नाही. त्यात जी शार्प आहे, म्हणजे शुद्ध नी, आणि शुद्ध नी आला की ती आसावरी राहत नाही, कीरवाणी होते. कीरवाणी सुंदरच आहे, पण मग ती ठरवून वाजवा.

मिक्सोलिडियन म्हणजे खमाज, मेजरचीच स्केल पण नी कोमल. घरचा कॉर्ड ए मेजर, २-१-०-०. कोमल नी म्हणजे जी, तेव्हा दुसरा कॉर्ड जी मेजर. इथे मी जी पूर्ण न धरता ०-२-३-० धरते, ए तार मोकळी सोडून, सूर होतात जी, डी, जी, ए. त्याला जी सस टू म्हणतात पण नावाचं सोडा, सा वाजत राहिला हे महत्त्वाचं. ए वरून या कॉर्डवर जाऊन परत आलात की एक मोकळेपणा येतो, मेजरसारखा गोड पण घट्ट बंद न होणारा. रॉक गाण्यांमध्ये ही हालचाल भरपूर सापडेल. या मोडमध्ये फसायची जागा म्हणजे डी मेजर. स्केलमध्ये तो आहे, वाजायलाही सोपा आहे, आणि ए-डी-जी-डी असा लूप फार सहज हाताला लागतो, पण त्यात डी दोनदा येतो आणि बघता बघता तुम्ही डी चा बिलावल वाजवायला लागता. डी वरून जाता येता चालेल, मुक्काम नको. आणि पंचमावरचा कॉर्ड हवाच असेल तर ई मायनर, ई मेजर नाही, कारण ई मेजरमध्ये पुन्हा तोच शुद्ध नी.

आता फ्रिजियन, आणि इथे जरा थांबते कारण हा मोड युकेलेलेवर इतका सुंदर बसतो आणि वाजवतात मात्र कमी लोक. ए फ्रिजियनचे सूर ए, बी फ्लॅट, सी, डी, ई, एफ, जी. रे, ग, ध, नी सगळे कोमल, आपली भैरवी. ओळखीचा सूर कोमल रे, म्हणजे बी फ्लॅट. पुस्तकात सांगतात ए मायनर ते बी फ्लॅट, ३-२-१-१. ते बरोबर आहे, पण त्यात तर्जनी ए तारही दाबते आणि सा बंद होतो. तिथे ३-२-१-० धरा, बी फ्लॅट मेजर सेव्हन्थ. जी तारेवर तिसरा, सी तारेवर दुसरा, ई तारेवर पहिला आणि ए मोकळी, बोटं जिन्याच्या पायऱ्यांसारखी उतरत जातात. आता नीट ऐका, हाय जी तारेचा तिसरा फ्रेट म्हणजे बी फ्लॅट आणि मोकळी ए तार, यांच्यात फक्त अर्ध्या सुराचं अंतर आहे आणि दोन्ही एकाच सप्तकात एकमेकांना खेटून वाजतायत. कोमल रे सा वर घासतोय हे चक्क ऐकू येतं. लो जी लावली असती तर तोच बी फ्लॅट एक सप्तक खाली गेला असता आणि ही घासण गेली असती.

यातून मी एक चाल शिकवते, चार कॉर्ड, प्रत्येक वेळी एकच सूर बदलतो. २-०-०-० वरून २-०-१-०, म्हणजे ए मायनरवरून एफ, फक्त ई तारेचा प चा कोमल ध झाला. मग २-२-१-०, डी मायनर, सी तारेचा कोमल ग चा म झाला. मग ३-२-१-०, जी तारेचा सा चा कोमल रे झाला. आणि मग सगळी बोटं उचलून एकदम परत २-०-०-०. ए तार पहिल्यापासून शेवटपर्यंत मोकळी. बोटं अशी ठेवा, ए मायनरच अनामिकेने धरा (नेहमीसारखं मधल्या बोटाने नाही), मग ई तारेवर तर्जनी, मग सी तारेवर मधलं बोट, आणि शेवटी अनामिका फक्त एक फ्रेट पुढे सरकवा. डी मायनरला अनामिका आणि मधलं बोट शेजारी शेजारी येतात तिथे पहिले काही दिवस अडखळायला होतं, पण त्यामुळे शेवटची सरक इतकी सोपी होते की हा त्रास परवडतो. स्ट्रम करू नका यावर, अंगठा आणि दोन बोटांनी एकेक तार सुटी वाजवा, सावकाश, आणि कोमल रे वर थोडं रेंगाळा.

कोणी विचारेल की स्पेनच्या फ्लॅमेन्को संगीतामध्ये फ्रिजियनच असतो ना मग तिथे शेवटी मेजर का ऐकू येतो. तिथली प्रसिद्ध उतरण डी मायनर, सी, बी फ्लॅट, ए मेजर अशी आहे, आपल्या आकड्यांत २-२-१-०, ०-०-०-३, ३-२-१-१, २-१-०-०. शेवटच्या कॉर्डमध्ये ग शुद्ध केलाय. कोमल रे आणि शुद्ध ग एकत्र आले की ती भैरवी राहिली नाही, बसंत मुखारीच्या सुरांजवळ गेली. वाजवून बघा, एका बोटाचा फरक आहे, २-०-०-० च्या जागी २-१-०-०, आणि जग बदलतं.

लिडियनला मात्र सी वर या, पांढरी एक. कल्याण थाट, म तीव्र, म्हणजे एफ शार्प. इथे जी तार मोकळी म्हणजे पंचम, सी तार मोकळी म्हणजे सा, आणि ए तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर करंगळी ठेवली की वरचा सा. या तीन तारा तशाच ठेवा आणि फक्त ई तारेवर खेळा. ०-०-०-३ म्हणजे शुद्ध ग, नेहमीचा सी मेजर. ०-०-१-३ शुद्ध म. ०-०-२-३ तीव्र म. ०-०-३-३ पंचम. तर्जनी, मधलं, अनामिका, एकेक बोट एकेका फ्रेटला. तीव्र म वर थांबलं की मोकळ्या जी तारेचा पंचम त्याच्या अगदी डोक्यावर वाजत असतो, अर्ध्याच सुरावर, आणि म ला वर चढायला ओढतो, मग ०-०-३-३ वर दोन्ही एक होतात. यमन शिकलेल्यांना हे ऐकून काय वाटेल ते मी सांगायला नको. याच्याच जवळचा ०-०-२-२ हा कॉर्ड पण करून बघा, सा, तीव्र म, प आणि शुद्ध नी, ग नाहीच, हा एकटाच पूर्ण लिडियन आहे. कॉर्डची जोडी हवी असेल तर सी आणि डी मेजर, ०-०-०-३ आणि २-२-२-०, तेच सहा-दोनच्या हिशोबाने. डी नंतर जी मेजरवर जाऊ नका, गेलात की सी चं घर मोडून जी चा बिलावल सुरू.

हे जे ‘तिकडे गेलात की घर मोडलं’ असं मी परत परत म्हणतेय त्यामागे एकच नियम आहे आणि तो कळला की मग माझी यादी लागणार नाही. कोणत्याही मोडच्या सात कॉर्डमध्ये चौथा सूर वाढवून सेव्हन्थ कॉर्ड केले तर साधा सेव्हन्थ, म्हणजे मेजर कॉर्ड आणि वर कोमल सातवा, असा एकच निघतो. तो मूळ मेजर स्केलच्या पंचमावरचा कॉर्ड असतो आणि कानाला थेट तिकडच्या सा वर ओढून नेतो. ए डोरियनमध्ये तो डी सेव्हन्थ आहे, म्हणून तिथे २-२-२-० वाजवायचा, २-२-२-३ किंवा हवाईयन पद्धतीचा २-०-२-० टाळायचा. एओलियनमध्ये जी सेव्हन्थ (०-२-१-२), फ्रिजियनमध्ये सी सेव्हन्थ (०-०-०-१), सी लिडियनमध्ये पुन्हा डी सेव्हन्थ. मिक्सोलिडियनमध्ये गंमत अशी की तो घरचाच कॉर्ड आहे, ए सेव्हन्थ (०-१-०-०), म्हणून घर दाखवायचं असेल तेव्हा साधा २-१-०-० घ्या आणि कोमल नी दुसऱ्या कॉर्डला आणू द्या. ब्लूजमध्ये घरचा सेव्हन्थच वाजतो आणि टिकतोही, पण तिथे ऐकणाऱ्याचा कान त्या बाजाला सरावलेला असतो. तुमच्या मूळ लूपमध्ये शेवटचा जी कधीतरी ०-२-१-२ होत असेल तर तिथेच डोरियन संपतोय.

डी डोरियन तरीही हवाच असेल, म्हणजे कोणाबरोबर जॅम करताय आणि पट्टी तीच आहे, तर तीनच्या ऐवजी चारच्या अंतराने (एक सोडून एक नाही, दोन सोडून एक सूर घेत) रचलेले कॉर्ड वापरा. जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या १९५९ च्या ‘काइंड ऑफ ब्लू’ अल्बममध्ये ‘सो व्हॉट’ आहे, त्यात बेसच्या ओळीला बिल इव्हान्सचा पियानो दोन कॉर्डचं उत्तर देतो, पहिला ई-ए-डी-जी-बी आणि मग तोच एक सूर खाली, डी-जी-सी-एफ-ए. आपल्याकडे चारच तारा, तेव्हा सगळ्यात वरचा सूर सोडा, उरलेले चार २-४-३-५ वर मिळतात आणि तोच आकार दोन फ्रेट खाली आणला की ०-२-१-३. हाय जी मुळे सूर पियानोसारखे एकावर एक रचले जात नाहीत, एकमेकांत मिसळून येतात, एफ आणि जी शेजारी शेजारी वाजतात, त्यामुळे आवाज जरा तिखट लागतो पण डोरियनला तो शोभतो. हे कॉर्ड धड मेजर नाहीत धड मायनर नाहीत, म्हणून कुठे ओढत नाहीत, आणि तुम्हाला हवा तिथे सा ठेवायची मोकळीक मिळते. सा तरीही कोणीतरी धरायला हवाच, बेस किंवा तंबोरा.

पट्टीचं एक सांगायचं राहिलं. हे सगळं ए आणि सी वर आहे, पण गाताना काय? पहिल्या फ्रेटला कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावा, ए चे आकार काळी पाच होतात आणि सी चे काळी एक. आपल्याकडे गाणाऱ्या बायका बऱ्याचदा काळी चार-पाचच्या आसपास गातात आणि पुरुष काळी एकच्या, त्यामुळे घरी कोणी भजन किंवा भावगीत गाणारं असेल तर एका कॅपोवर दोघांचं काम होतं, आणि मोकळ्या तारांचा सा जसाच्या तसा राहतो. कॅपो न लावता बॅरेचे आकार वर सरकवायला जाल तर मोकळी तार जाईल आणि वर जे सांगितलं त्यातलं बरंचसं जाईल. कॅपो लावल्यावर ट्यूनिंग परत बघा, नायलॉनच्या तारा दाबल्या की सूर थोडा चढतो, मेजर-मायनरमध्ये खपून जातं पण सा सतत वाजत असताना ते टोचतं.

आणि आता लो जी. मोडसाठी म्हणून लावू नका. लो जी ने खाली एक भरदार सूर मिळतो, जी हा सा घेऊन जी मिक्सोलिडियन वाजवायचा असेल (जी ०-२-३-२ आणि एफ २-०-१-०) तर ती तार खरंच तंबोऱ्यासारखी उपयोगी पडते, सोलो वाजवताना सुरांचा पल्ला वाढतो, हे सगळं खरं. पण भैरवीतला कोमल रे सा ला घासतो ते आणि कल्याणातला तीव्र म पंचमाखाली उभा राहतो ते, दोन्ही हाय जी मुळे आहे. दोन युकेलेले असतील तर एकाला लो जी लावा. एकच असेल तर आहे तीच तार ठेवा, आणि आजपासून ए मायनर-डी ची जोडी तंबोऱ्याबरोबर सुरू करा, सहा मात्रा आणि दोन मात्रा.